त्या दिवशी जे जोडलेले नव्हते

ताई, तुझ्या घराची आठवण मला डोळ्यांनी येत नाही, नाकाने येते. टेबलाखालच्या काळ्या खोक्यात तू नवा कर्नेल बांधायला लावलास, की थोड्याच वेळात आतला पंखा घुमू लागे आणि जाळीतून तापलेल्या धुळीचा वास बाहेर पडे. कापूर आणि जळका केस यांच्या मधला कुठला तरी वास. त्याच वेळी खिडकीतून करावे गावामागची खाडी आत येई: ओहोटीचा चिखल, मीठ, वाळत टाकलेली जाळी. मधल्या खोलीत हे दोन वास एकमेकांत मिसळले, की आतून आईची हाक ठरलेली.

"कुंदे, तळाला लागलंय बघ काहीतरी!"

"माझंच लागलंय गं," पडद्यावरची नजर न काढता तू म्हणायचीस. "उतरवते थोड्या वेळानं."

कर्नेल म्हणजे काय, ते तू मला एकदाच नीट सांगितलेस. यंत्र आणि माणूस यांच्यामध्ये बसलेला तो कारभारी. बाहेरून यूएसबीच्या वायरीने एखादी वस्तू जोडली, तर तिला ओळख द्यायची की नाही हे तोच ठरवतो, आणि ओळख देण्यासाठी त्या वस्तूचा ड्रायव्हर, म्हणजे तिची भाषा जाणणारा छोटा प्रोग्राम, त्याच्यापाशी असावा लागतो. तयार मिळणाऱ्या कर्नेलमध्ये साऱ्या जगाची ओळख कोंबलेली असते. तुला ते सोसत नसे. "ज्यांच्याशी माझा संबंध नाही त्यांना मी घरात का वागवू?" असे म्हणून तू स्वतःचा कर्नेल स्वतः बांधायचीस, नको ते सारे खुडून टाकून. निवडीचा तो पडदा तू मला दाखवला होतास. प्रत्येक ड्रायव्हरच्या ओळीआधी एक चौकोनी कंस. त्यात तारा असला, तर तो आतच बांधलेला, सदैव जागा. एम असला, तर तो बाहेर थांबलेला, गरज पडली की हाक मारून आत घ्यायचा. आणि कंस मोकळा असला, तर त्या वस्तूला दारच नाही.

"मग मी कोण?" मी विचारले होते.

"तू एम."

"आणि आई?"

"आईला तारा. शंका आहे का?"

"हाकेला येते तरी मी."

"दर वेळी नाही, कवयित्री."

तू हसलीस. मी हसले नाही. तेवढ्यात आईने चहा मागितला आणि ते भांडण तिथेच राहिले. पुढे कित्येकदा ते माझ्या जिभेपर्यंत आले, पण आपण ते पुन्हा कधी काढले नाही.

तू गेल्यापासून लोक येऊन जातात, तुझ्या बुद्धीविषयी, तुझ्या कामाविषयी बोलतात, आणि मी मान हलवते. मला त्यांच्याशी बोलायचे नाही. तुझ्याशी बोलायचे आहे; आणि खरे सांगायचे तर बोलायचेही नाही, विचारायचे आहे.

तुझे घर पहिल्यांदा उघडले तेव्हा तो वास नव्हता. बंद घराचा कोंदट वासही नव्हता, आणि त्याचेच मला नवल वाटले. खिडकी जराशी उघडी होती. कुंड्यांतली माती ओली होती. ओट्यावर एक कप धुऊन पालथा घातला होता, आणि त्याच्या काठाखाली पाण्याचे वर्तुळ अजून सुकले नव्हते. मी तशीच खाली जाऊन वॉचमनला विचारले. तो म्हणाला, "रेश्मा मॅडम येतात ना. त्यांच्याकडं चावी हाय." तुझ्या हाताखाली काम करणारी रेश्मा तांडेल मी एकदाच पाहिली होती, इस्पितळाच्या जिन्यात. तुझ्या घराची दुसरी किल्ली मी तुझ्याकडे मागितली होती, तेव्हा "करून घेते" म्हणाली होतीस. किल्ली झाली होती तर. माझ्याकडे नव्हती, एवढेच.

मी त्या घरात ज्यासाठी गेले होते ते तुला ठाऊक आहे. रेकॉर्डर माझा होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका स्नेह्याने वापरून झाल्यावर मला दिलेला, जाडजूड, पितळी रंगाचा, त्या काळीही जुना वाटणारा. आई तुझ्याकडे राहत होती म्हणून तो मी तुला दिला. "ती गायला लागली की नुसते बटण दाब," एवढेच सांगितले. आईची ती गाणी कुठल्याही पुस्तकात नाहीत. वाईला घाटावर धुणे धुताना तिच्या आत्याने तिला शिकवलेली. कवितेत माझी ओळ कुठे वळते आणि कुठे थांबते, ते सारे मी त्या गाण्यांतून उचलले आहे. पुढे आईच्या स्मरणातून आधी शब्द गेले, मग चाली गेल्या. आता माझ्या घरी ती गात नाही. क्वचित ओठ हलतात, आणि मी कान जवळ नेला की थांबतात. म्हणजे ती गाणी जगात कुठे उरली असतील, तर त्या पितळी डबीत.

मी मागत राहिले आणि तू "देते गं" म्हणत राहिलीस. मग "बघते". मग "त्याचं जरा विचित्र आहे, त्याला वेगळा ड्रायव्हर लागतो". ज्या बाईने आयुष्यभर ड्रायव्हर लिहिले, तिने हे कारण द्यावे? मला पहिल्यांदा वाटले, तू बटण दाबलेच नसशील आणि तसे कबूल करणे तुला जड जात असेल. नंतर वाटले, पुसले गेले असेल. आणि शेवटी वाटले, आई जशी तू ठेवून घेतलीस तशी गाणीही ठेवून घेतली आहेस. हा तिसरा संशय सर्वांत चिवट निघाला.

इस्पितळात तू मला तुझ्या यंत्राचा पासवर्ड सांगितलास. मी मागितला नव्हता. तू अक्षरे सावकाश उच्चारलीस आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतलीस. दुसऱ्या कुणाला तो विश्वास वाटला असता. मला वाटले, स्वतःहून किल्ली हातात ठेवणारा माणूस आत काही शिल्लक ठेवत नसतो.

रेकॉर्डर कपाटात सापडला, आईच्या जुन्या शालीत गुंडाळलेला. खाडीच्या हवेने त्याला खाल्ले होते. बटणे आत रुतलेली, छोटा पडदा आंधळा, कानात घालायच्या वायरीचे भोक हिरवे पडलेले. आता त्याच्याशी बोलायचे तर दुसऱ्या यंत्राला जोडूनच. माझ्या लॅपटॉपने सांगितले की ही वस्तू ओळखता येत नाही. वाशीच्या दुकानातल्या मुलाने तो दोन बोटांत धरून पाहिला. "आंटी, ये तो डायनासोर है. पेनड्राइव्हसारखा नाय चालत हा." मग तुझ्या यंत्रापुढे बसले. पासवर्ड बरोबर होता. वायर जोडली. काही झाले नाही. नकारसुद्धा उमटला नाही. जणू मी काही जोडलेच नव्हते.

आणि ताई, तिथे माझ्या अंगावर काटा आला. कारण याच यंत्राने हा रेकॉर्डर माझ्या डोळ्यांदेखत ओळखला होता. मी तो आणून दिला त्याच दिवशी तू तासभर खटपट करून त्याच्यासाठी एक जुनापुराणा ड्रायव्हर शोधून काढला होतास, कर्नेल पुन्हा बांधला होतास, आणि पडद्यावर ओळ उमटताच लहान मुलीसारखी टाळी वाजवली होतीस. म्हणजे ओळख होती. ती मागाहून काढली गेली. तुझ्या यंत्रातून काही काढणारे तुझ्याशिवाय कोण होते?

मी रेश्माला फोन केला, कारण दुसरे कुणी नव्हते.

"मशीन माझ्याकडं द्या ना मॅडम," ती म्हणाली. "ऑफिसमध्ये नेते, संध्याकाळी परत."

"नको. इथेच करा. माझ्यासमोर."

पलीकडे ती मोठ्याने हसली. "सेम टू सेम कुंदा मॅडम!"

रविवारी दुपारी ती आली. करावे गावातली मुलगी. चालतच आली, केसांत अबोली आणि खांद्यावर ऑफिसची बॅग. मी तिच्या बोटांकडे पाहत खुर्ची ओढून बसले. चहाची पूड तिने न शोधता काढली. तोच कप घेतला.

"तो कप माझाच मॅडम. झाडांना पानी घालायला येते, तेव्हा चहा घेते."

"किल्ली ताईने कधी दिली तुम्हाला?"

"लय दिवस झाले. आई बाथरूममध्ये पडल्या होत्या ना, तेव्हा. मॅडमना एकटीला उचलता येईना. मला फोन केला. मी काय, इथंच."

आई पडली होती, हे मला त्या क्षणी कळले. मी चेहरा हलू दिला नाही. पण तिच्या ते ध्यानात आले असावे, कारण तिने विषय वळवला.

"मॅडमना माझ्या डब्यातली सुकटीची चटनी लय आवडायची."

"ताईला? सुकट?"

"मग! डबा पुसून खायच्या. वर मला दम. बोलायच्या, माझ्या बहिनीला सांगू नको, कविता करंल त्याच्यावर."

आपल्या घरात अंडेही कधी उंबऱ्याच्या आत आले नाही, ताई. मला हसू आले आणि त्याच दमात तुझा हेवा वाटला. माझ्याविषयी बोलायला तुला कुणी तरी होते, आणि आणखी काय काय तू तिला सांगितले असशील, या शंकेने माझा चहा गार झाला.

रेश्माने निवडीचा तो पडदा उघडला. तुझ्यासारखीच, माऊसला हात न लावता, बाणांच्या कळांनी ती खाली खाली उतरत गेली. आधी यूएसबी. त्याच्या पोटात साठवणीची साधने. त्यांच्याही पोटात जुन्या, बाजारातून केव्हाच उठून गेलेल्या वस्तूंची एक लहानशी ओळ. सगळे कंस मोकळे.

"हा बघा याचा ड्रायव्हर. उडालाय."

"कोणी उडवला?"

"कोनी म्हंजे, मशीननंच. मॅडमनी शॉर्टकट मारलाय. एक कमांड असते. ती मशीनला बोलते, आत्ता या घडीला तुला काय काय जोडलंय ते बघ, त्याचं त्याचं ठेव, बाकीचं काढ. कर्नेल एकदम स्लिम होतो. पन त्या टायमाला जे जोडलेलं नसतं ना, ते गेलं. त्या दिवशी हा रेकॉर्डर कपाटात असनार."

"म्हणजे चूक झाली?"

"आमच्यातली एकदम कॉमन चूक. मी घरचा प्रिंटर असाच घालवला होता. नवरा आठवडाभर प्रिंटरला शिव्या घालत होता, मी गप."

"आणि ताई? ताई अशी चूक करील?"

कळीवरचे तिचे बोट थांबले. खालच्या मैदानातून पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा येत होता.

"मला तर मॅडमनीच शिकवलं," ती हळू म्हणाली. "बोलायच्या, रेश्मा, ही कमांड म्हंजे फॅमिली फोटो. आधी घरातल्या सगळ्यांना हाक मार, सगळे आले का बघ, मग क्लिक कर. जो फोटोत नाय तो घरात नाय." मग माझ्याकडे न पाहता, "आनि विसरल्या जरी असतील, तरी परत टाकायला एक दुपार पुरे. मॅडमना तर चुटकीचं काम."

तेव्हा सांग, ताई. तू विसरलीस? की आधी वायर उपसलीस, वस्तू शालीत गुंडाळलीस, कपाट लावलेस, आणि मग यंत्राला म्हणालीस, बघ रे, कोण कोण हजर आहे?

रेश्माने त्या ओळीत एम घातला आणि बांधणी सुरू केली. पंखा चढत गेला. धुळीचा वास खोलीभर झाला. आतून कुणी काही म्हणाले नाही. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि मी त्या वासात बसून तुझ्यावर चिडत होते, आणि चिडता चिडता मला तुझे खांदे दिसत होते, आईला आंघोळ घालून आल्यावर ओल्या बाहीने कपाळ पुसत तू याच खुर्चीत बसायचीस आणि विचारायचीस, "बोला कवयित्री, नवीन काय?" मी नवीन कविता वाचून दाखवायचे. तू डोळे मिटून ऐकायचीस. एकदा तू झोपली आहेस असे वाटून मी मधली दोन कडवी गाळली, तर म्हणालीस, "मधलं कुठं गेलं?" माझे इतके बारकाईने कुणी ऐकले नाही, ताई. म्हणूनच तू माझ्यापासून काही राखून ठेवावेस, हे मला सहन होत नव्हते.

यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले. रेश्माने वायर जोडली, आणि पडद्यावर ओळ उमटली.

"घेतलं!" ती म्हणाली.

सगळे होते. काहीही पुसलेले नव्हते. एकेक गाणे तू वेगळे ठेवले होतेस. पहिल्याचा आवाज आला आणि मी पदर तोंडाशी धरला. आईचा तो भरडा, खालचा स्वर, सुरुवातीचे खाकरणे, ओळ संपताना किंचित मागे राहणारा श्वास. गाण्यामागे तुझ्या घरातली भांडी, कुकरची शिट्टी, आणि एकदा तुझे शिंकणे. मी एकामागून एक ऐकत गेले. जसजशी पुढे गेले, तसतसा आईचा आवाज अडखळू लागला.

शेवटच्या मुद्रणात ती एक गाणे म्हणता म्हणता मध्येच थांबते. बांगड्यांचा आवाज. मग ती म्हणते, "वसू, आलीस?"

वसू मी. मी तिथे नव्हते. नुसता पंखा ऐकू येतो. मग तुझा आवाज, पण माझ्यासारखा, शेवट लांबवणारा.

"आले ना, आई."

"कुंदा कुठाय?"

"बाहेर गेलीय."

"तिला सांगू नकोस हं." आई कुजबुजते. "करते गं माझं सगळं. पण हात फार कडक आहे तिचा. मला तुझ्याकडे ने."

"नेते."

"कधी?"

"नेते गं. आधी ते गाणं पुरं कर बघू."

आणि आई गाते, ताई. पहिल्यापासून, एकही शब्द न चुकता, सगळे गाणे. ते तिचे शेवटचे पुरे गाणे, आणि ते तू माझ्या नावाने मिळवलेस.

रेश्मा खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली होती. डोळे पुसून तिने विचारले, "कॉपी करून देऊ ना, मॅडम?" मी मान हलवली. पेनड्राइव्ह तिने माझ्या तळहातावर ठेवला, आणि मग किल्लीही ठेवली. किल्ली मी तिला परत दिली. झाडांना पाणी घालायला कुणी तरी हवे.

माझा संशय फिटला असे तुला वाटत असेल, तर तसे झालेले नाही. त्याने फक्त जागा बदलली. हे मी ऐकले असते तर त्याच दिवशी आईला घेऊन गेले असते, याची तुला भीती वाटली? की मी ऐकूनही नेणार नाही, आणि मग आपण दोघींनी एकमेकींकडे कसे पाहायचे, याची? की तुला फक्त स्वतःला वाचवायचे होते, एवढे केल्यावर मिळालेले ते एक वाक्य पुन्हा कानी पडू नये म्हणून? या तिन्हींत तू बसतेस. मी उलटसुलट करून पाहते आणि तू प्रत्येकीत अगदी नीट बसतेस. मला आणखी एक विचारायचे होते. आई पडली तेव्हा मला हाक का मारली नाहीस? मी आले असते. निदान त्या वेळी तरी आले असते.

आई आता कोपरखैरण्याला माझ्याकडे आहे. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तिला आणले. म्हणजे "नेते" म्हणालीस ते एका अर्थी पाळलेस, फार महाग पद्धतीने. तू गेल्याचे तिला मी सांगितले. तिने लक्ष देऊन ऐकले, आणि एखाद्या परक्या घरची चौकशी करावी तसे विचारले, "कोण कुंदा?" मी तिच्या केसांना तेल लावत राहिले.

एक मात्र आता तुला सांगता येते, आणि त्यासाठी तुझे पाय धरावेसे वाटतात. तिला बगलेत हात घालून उठवायचे, तर हात कडकच करावा लागतो. मऊ हातातून ती निसटते. माझ्या मनगटातही आता तो जोर आला आहे. तू इतकी वर्षे तिला निसटू दिले नाहीस.

आज सकाळी मी तिला गॅलरीत आणून बसवले. बोनकोड्याच्या बाजूने कोवळे ऊन येत होते. उठवताना तिचा चेहरा दुखल्यासारखा झाला. तिच्या पायांत चपला सरकवायला मी वाकले, तर तिने माझे मनगट धरले. दाराकडे पाहिले. पुन्हा एकदा पाहिले, घरात कुणी ऐकत तर नाही ना. मग मला जवळ ओढून, कुणाविषयी तरी तक्रार सांगायच्या त्या हळू, खासगी आवाजात ती म्हणाली,

"कुंदा, मला तुझ्याकडे ने…"